लाडबोरीचं कडं आणि पाच बातम्यांचा फलक

२ एप्रिल २०२२, शनिवार, गुढीपाडवा. संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास नागपूरच्या आकाशातून पेटल्यासारखे दिसणारे प्रकाशाचे पट्टे एकाच दिशेनं, एकामागोमाग सरकत गेले. विदर्भात, खानदेशात आणि शेजारच्या मध्य प्रदेशातही ते असंख्य लोकांनी पाहिले, अनेकांनी मोबाईलवर टिपले. थोड्याच वेळात शहरभर संदेश फिरू लागले. कोणी उल्कावर्षाव म्हणत होतं, कोणी क्षेपणास्त्र, कोणी पेटलेलं विमान. क्षेपणास्त्राची शंका अगदीच वेडगळ नव्हती. युक्रेनचं युद्ध सुरू होऊन महिना उलटला होता, आणि ९ मार्चला भारताचं एक क्षेपणास्त्र चुकून सुटून पाकिस्तानात पडल्याची बातमी सगळ्यांच्या लक्षात होती.

त्या वेळी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात रविवारचा फलक लिहून तयार होता. आता त्यावर या पट्ट्यांबद्दल काय लिहायचं, हा प्रश्न तिथल्या मंडळींपुढे आला. त्यांनी तो कसा सोडवला आणि पुढच्या काही दिवसांत त्यातून काय घडलं, ते इथे मांडतो आहे. या फलकाच्या कामात माझाही थोडा हात असतो, पण त्या आठवड्याचं श्रेय माझं नाही.

फलक साधा आहे. वाचनालयाच्या दारात एक काळा बोर्ड, त्यावर खडूनं लिहिलेल्या पाच बातम्या, प्रत्येकी चार-पाच ओळींच्या. दोन विज्ञानाच्या, एक संस्कृतीची, एक नाटक-सिनेमा-संगीताची आणि एक इथली, म्हणजे नागपूर-विदर्भाची, मग विषय कोणताही असो. राजकारण, गुन्हे आणि क्रिकेट यांना जागा नाही. ते वर्तमानपत्रांत भरपूर असतं. तोच मजकूर सभासदांच्या व्हॉट्सॲप गटावरही जातो. सकाळी फिरून परतणारे ज्येष्ठ तो उभ्यानं वाचतात. अभ्यासिकेतली स्पर्धा परीक्षेची मुलं वहीत उतरवून घेतात. फलक लिहिते ती ग्रंथालय सहायक. तिला सगळे ताईच म्हणतात, तिच्या वडिलांच्या वयाचे सभासदसुद्धा. शंका आली की ती भौतिकशास्त्राच्या एका निवृत्त शिक्षकांना फोन करते. ते सर. आणि वाचनालयाचे चिटणीस म्हणजे काका.

‘इथली’ बातमी हा नियम काकांचा आणि मला तो फार मोलाचा वाटतो. रोजच्या रंजक बातम्यांचे बहुतेक संग्रह परदेशी मजकुरावर चालतात. कुठल्या तरी दूरच्या विद्यापीठाला काही तरी सापडतं, ते भाषांतर होऊन येतं आणि वाचणाऱ्याचं त्याच्याशी काही नातं जुळत नाही. नागपुरात २६ मेच्या सुमारास दुपारी बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास उभ्या खांबाची सावली नाहीशी होते, हे फलकावर आलं की पोरं आपापल्या अंगणात काठी रोवून बसतात. आणि जुलैत तोच योग पुन्हा येतो तेव्हा ढगांमुळे दिसत नाही, हेही त्यांना मग आपोआप कळतं.

त्या शनिवारी फलकावर तोलाच्या बातम्या होत्या. माणसाचा जीनोम, म्हणजे डीएनएमधला सगळा मजकूर, पहिल्यांदाच टोकापासून टोकापर्यंत वाचून झाल्याचे शोधनिबंध ३१ मार्चला प्रसिद्ध झाले होते. २००३ साली हा प्रकल्प ‘पूर्ण’ झाला तेव्हा सुमारे ८ टक्के भाग वाचायचा राहिला होता, तो आता भरला गेला. दुसरी बातमी एरेंडेल या ताऱ्याची. हबल दुर्बिणीनं टिपलेला हा तोवरचा सर्वांत दूरचा एकटा तारा, ज्याचा प्रकाश आपल्याकडे यायला सुमारे १२.९ अब्ज वर्षं लागली. संस्कृतीच्या जागी राज्यानं कोरोनाचे निर्बंध उठवल्यानंतरचा पहिला पाडवा आणि त्याच्या शोभायात्रा. संगीतात लास व्हेगासचा ग्रॅमी सोहळा. आणि इथली बातमी म्हणून कूलरच्या ताट्यांची: नागपूरची कोरडी हवा पाण्याचं बाष्प झपाट्यानं शोषते म्हणून इथे कूलर गार हवा देतो, मुंबईत देत नाही.

मग फोन सुरू झाले.

सरांचे प्रश्न

ताईनं ते दृश्य स्वतः पाहिलं नव्हतं, ती स्वयंपाकघरात होती. तिनं सरांना फोन केला. त्यांनीही पाहिलं नव्हतं. माझ्या मते इथूनच या प्रकरणातला शिकण्यासारखा भाग सुरू होतो. त्यांनी आधी व्हिडिओ मागितले नाहीत. ज्यांनी पाहिलं त्यांना तीन गोष्टी विचारायला सांगितल्या: किती वेळ दिसलं, कुठून कुठे गेलं, आणि तुकडे एकमेकांपासून लांब पांगत होते की बरोबरीनं जात होते.

गटावर एका सभासदाचा आवाजी संदेश आला. “अरे बापा, पोट्ट्यांना आवाज देऊन गच्चीवर बोलावलं, ते जिना चढून वर आले, तरी दिसूनच राह्यलं होतं.”

सरांना एवढं पुरेसं होतं. उल्का पृथ्वीच्या वातावरणात सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर वेगानं शिरते आणि बहुतेक वेळा एक-दोन सेकंदांत संपते. “ती बघ” म्हणेपर्यंत ती गेलेली असते. पृथ्वीभोवती फिरणारी वस्तू खाली येते तेव्हा तिचा वेग सेकंदाला ८ किलोमीटरच्या आत असतो आणि ती जवळजवळ आडवी, तिरप्या उतारानं वातावरणात घुसते. म्हणून ती मिनिटभर किंवा त्याहून जास्त वेळ दिसू शकते. हवेच्या दाबानं आणि तापानं ती फुटते, पण फुटलेले तुकडे मूळच्याच वाटेनं पुढे जात राहतात, म्हणून आकाशात समांतर रेघा दिसतात. एवढे व्हिडिओ निघाले हाच खरं तर पुरावा होता, कारण उल्का खिशातून मोबाईल काढायला वेळ देत नाही.

काकांना एवढं थांबणं पटत नव्हतं.

“ताई, उल्कावर्षाव लिहून टाक ना. सगळे चॅनेलवाले तेच सांगून राह्यले.”

“काका, सकाळी पोरं विचारतील, कोणता उल्कावर्षाव? त्यांना काय सांगू?”

तिचं बरोबर होतं. एप्रिलमधला ठळक उल्कावर्षाव म्हणजे लायरिड, आणि त्याचा भर २२ तारखेच्या आसपास असतो. २ एप्रिलला कोणताही मोठा वर्षाव नसतो. शिवाय वर्षावातल्या उल्का घोळक्यानं जात नाहीत. एक आता, एक चार मिनिटांनी, अशा सुट्या सुट्या पडतात. पाडव्याच्या आदल्या दिवशी अमावस्या असते, त्यामुळे आकाश काळोखं होतं आणि दृश्य एरवीपेक्षा जास्तच झगझगीत वाटलं.

रात्री उशिरा जीनोमची बातमी खाली सरकली, कूलरची पुढच्या आठवड्यावर गेली आणि पहिल्या जागी हे आलं:

“काल संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास आकाशात दिसलेले पट्टे उल्कावर्षावाचे नसावेत. उल्का क्षणात विझते. हे दृश्य बराच वेळ टिकलं. अंतराळातून खाली येणाऱ्या रॉकेटचे किंवा उपग्रहाचे तुकडे जळताना असंच दिसतं. ते कशाचे होते हे अजून कळलेलं नाही. चंद्रपूर जिल्ह्यात धातूची वस्तू पडल्याच्या बातम्या येत आहेत. जे कळेल ते उद्या याच जागी.”

हा मजकूर मला अजून पाठ आहे. यात जे दिसलं ते वेगळं ठेवलं आहे आणि त्यावरून जे वाटतं ते वेगळं. ‘नसावेत’ या क्रियापदात जेवढी खात्री आहे तेवढीच त्या रात्री सरांकडे होती. वाचकानं डोळ्यांनी पाहिलेल्या गोष्टीचं कारणही त्यात आलं, त्यामुळे ‘उल्का नाही’ हे त्याला कोणाच्या अधिकारावर मान्य करावं लागलं नाही, स्वतःच ताडून बघता आलं. रविवारी सकाळी फलकासमोर हेच झालं. तर्री पोहे खाऊन आलेली चार-पाच मंडळी आपण किती वेळ पाहिलं ते एकमेकांना सांगत उभी होती आणि हिशेब जुळवत होती.

पहिली जागा द्यायची का, यावर मात्र सरांचं मत वेगळं होतं. जीनोमचं काम माणसाच्या इतिहासात राहील, हे तुकडे चार दिवसांत विसरले जातील, असं ते म्हणाले. मोठेपणाच्या मापानं त्यांचं म्हणणं खरं आहे. तरी ताईचा निर्णयच मला योग्य वाटतो. वाचक स्वतः साक्षीदार असतो असा दिवस विज्ञानाच्या बातमीला क्वचित मिळतो. त्या दिवशी त्याला दूरच्या गोष्टीकडे वळवण्यात अर्थ नाही. त्यानं जे पाहिलं आहे तिथूनच त्याचा हात धरायला हवा.

‘उद्या याच जागी’

पुढची माहिती येत गेली. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावाच्या मोकळ्या जागेत धातूचं मोठं कडं पडलं होतं, व्यास दोन ते तीन मीटर आणि वजन ४० किलोच्या वर. जवळच्या दुसऱ्या गावाच्या शिवारात सुमारे अर्धा मीटर व्यासाचा गोळा सापडला. कोणाला इजा झाली नाही. वस्तू पोलिसांनी ताब्यात घेतल्या आणि पुढे इस्रोचे शास्त्रज्ञ पाहणीसाठी आले.

सोमवारच्या फलकावर पहिली ओळ सूचनेची होती: असा तुकडा दिसला तर हात लावू नका, पोलिसांना किंवा तहसील कार्यालयाला कळवा. रॉकेटच्या काही टाक्यांत विषारी इंधनाचे अंश उरलेले असू शकतात. नागपुरात बसून हे लिहिण्याचा उपयोग काय, असं कोणालाही वाटेल. पण वाचनालयाच्या सभासदांत उमरेड, भिवापूर, नागभीडकडची सासर-माहेरं असलेली पुष्कळ माणसं आहेत. फलकाचा फोटो त्या रस्त्यानं सिंदेवाहीपर्यंत गेला.

त्याच दिवशी दोन तर्क समोर होते. एक, न्यूझीलंडहून २ एप्रिललाच सुटलेल्या इलेक्ट्रॉन रॉकेटचा भाग. उड्डाण भारतीय वेळेनुसार संध्याकाळी सव्वासहाच्या आसपास झालं होतं, त्यामुळे वेळ जवळची वाटत होती आणि हा तर्क चटकन पसरला. दुसरा, चीनच्या लाँग मार्च-३बी रॉकेटचा तिसरा टप्पा. हे रॉकेट फेब्रुवारी २०२१ मध्ये उडालं होतं आणि त्याचा हा टप्पा त्याच सुमारास खाली येणार असा अंदाज होता. अवकाशातल्या वस्तूंचा माग ठेवणारे खगोलशास्त्रज्ञ जोनाथन मॅकडॉवेल यांनी पट्ट्यांचा संबंध याच टप्प्याशी जोडला. ताईनं दोन्ही तर्क लिहिले आणि दुसरा जास्त जुळतो असं कारणासह नोंदवलं. त्या रॉकेटच्या तिसऱ्या टप्प्याचा व्यास ३ मीटर असतो, ही गोष्ट कड्याच्या मापाशेजारी ठेवली की वाचकाला आणखी काही सांगावं लागत नाही.

चौदा महिने तो टप्पा वर काय करत होता, हा प्रश्न अभ्यासिकेतल्या एका मुलानं विचारला आणि मंगळवारची जागा त्याला मिळाली. उपग्रह खूप उंचावर न्यायचा असतो तेव्हा रॉकेटचा शेवटचा टप्पा लांबट कक्षेत सुटतो. एक टोक पृथ्वीपासून हजारो किलोमीटर दूर, दुसरं दोन-अडीचशे किलोमीटरवर. त्या खालच्या टोकाशी विरळ का होईना, हवा असते. प्रत्येक फेरीत तिथे थोडा वेग मारला जातो, त्यामुळे दूरचं टोक हळूहळू जवळ येत जातं. कक्षा आखडत आखडत गोल होते आणि मग एका फेरीत टप्पा हवेतून बाहेर पडूच शकत नाही. ती फेरी कोणत्या देशावर संपेल हे आधी कोणालाच नेमकं सांगता येत नाही, कारण वरच्या हवेची घनता सूर्याच्या लहरीप्रमाणे बदलत राहते.

आणि गोळेच का उरतात? रॉकेटमध्ये इंधनावर दाब ठेवायला हेलियमच्या गोल टाक्या असतात, बहुधा टायटॅनियमच्या किंवा कार्बनच्या धाग्यांनी वेढलेल्या. ॲल्युमिनियम ६६० अंश सेल्सिअसला वितळतं, टायटॅनियम सोळाशेच्याही पुढे. पोकळ असल्यामुळे गोळा आकाराच्या मानानं हलका असतो, हवा त्याला लवकर मंदावते, आणि तो जळून जाण्याआधीच थंड होऊ लागतो.

वाचकांचे प्रश्न

फलकाखाली एक पेटी असते. त्यात सहसा ‘अमुक मासिक का येत नाही’ अशा चिठ्ठ्या पडतात. त्या आठवड्यात ती वेगळ्याच चिठ्ठ्यांनी भरली.

सगळ्यांत चांगला प्रश्न एका आजोबांचा होता. लोणारला अंतराळातून आलेल्या वस्तूनं एवढं मोठं सरोवर केलं, मग लाडबोरीला साधा खड्डाही कसा नीट पडला नाही? बुलढाणा जिल्ह्यातलं लोणार विदर्भात सगळ्यांना माहीत असतं; २०२० च्या जूनमध्ये त्याचं पाणी खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे गुलाबी झालं तेव्हा तर घराघरात पोहोचलं. उत्तर वेगात आहे. लोणारचं १.८ किलोमीटर व्यासाचं विवर करणारा अशनी एवढा मोठा होता की हवा त्याला अडवू शकली नाही. तो सेकंदाला कित्येक किलोमीटर वेगानं कठीण काळ्या दगडावर आदळला. ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढते, म्हणून तिथे प्रचंड स्फोट झाला. कड्याचा सगळा वेग मात्र हवेनं वरच खाऊन टाकला होता आणि उंच इमारतीवरून सुटलेली जड वस्तू पडावी तसं ते पडलं. ताईनं त्याखाली लोणारच्या वयाचे दोन्ही आकडे दिले: एका पद्धतीनं सुमारे ५२ हजार वर्षं, दुसऱ्या पद्धतीनं सुमारे ५ लाख ७० हजार. दोन आकड्यांत एवढं अंतर का, यावर फलकासमोर पुढे बराच काळ वाद चालला. एका बातमीतून दुसऱ्या बातमीत असं जाता आलं तरच असल्या संग्रहाला अर्थ आहे, असं मला वाटतं.

ज्येष्ठांना स्कायलॅब आठवली. अमेरिकेची ती अंतराळ प्रयोगशाळा ११ जुलै १९७९ ला कोसळली, तुकडे पश्चिम ऑस्ट्रेलियात पडले. पण त्याआधी इथेही गावोगाव भीती पसरली होती. वकिलीच्या परीक्षेला बसलेल्या एका मुलीनं विचारलं, घरावर पडलं असतं तर भरपाई कोणी दिली असती? १९७२ च्या आंतरराष्ट्रीय दायित्व कराराप्रमाणे जमिनीवर झालेल्या नुकसानीला वस्तू सोडणारा देश जबाबदार असतो, चूक सिद्ध करावी लागत नाही. भारत आणि चीन दोघंही त्या करारात आहेत. अणुभट्टी असलेला सोव्हिएत उपग्रह कॉसमॉस-९५४ जानेवारी १९७८ मध्ये कॅनडात पडला, तेव्हा कॅनडानं सुमारे ६० लाख डॉलर मागितले आणि १९८१ मध्ये ३० लाखांवर तडजोड झाली. लाडबोरीला नुकसान झालं नाही, म्हणून हा प्रश्न तिथे उभा राहिला नाही.

मला सर्वांत जास्त आवडला तो शुक्रवारचा फलक. तोवर लाडबोरी आणि सिंदेवाही ही नावं नागपुरात सगळ्यांच्या तोंडी झाली होती. संस्कृतीच्या जागी ताईनं लिहिलं की हा सगळा मुलूख झाडीपट्टीचा आहे: चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया. इथली स्वतःची रंगभूमी आहे. धानाची कापणी झाली की दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्तानं नाटकं सुरू होतात आणि होळीपर्यंत चालतात. प्रयोग रात्री सुरू होतो तो पहाटेपर्यंत. वडसा, म्हणजे देसाईगंज, हे या मंडळ्यांचं मुख्य केंद्र. पुण्या-मुंबईत नाटकाला प्रेक्षक नाही म्हणून हळहळ चालते, त्याच वेळी इथे शेतात मांडव घालून हजारो लोक तिकीट काढून नाटक बघतात. अनेक नागपूरकरांना आपल्यापासून तीन तासांवर असलेल्या या रंगभूमीची कल्पना नव्हती. आकाशातून पडलेल्या एका धातूच्या कड्यामुळे ती त्यांच्या वाचनात आली.

या सगळ्यात ग्रॅमीची बातमी मात्र एका ओळीत आटोपली. भारतीय वेळेनुसार ४ एप्रिलला संगीतकार रिकी केज यांना दुसऱ्यांदा ग्रॅमी मिळालं, आणि भारतीय वंशाच्या फाल्गुनी शहा यांना मुलांच्या संगीतासाठी. हे मला पटलं नाही आणि मी तसं बोलूनही दाखवलं. ज्यांना अवकाशात रस नाही पण गाण्यात आहे, असे वाचकही रोज दाराशी उभे राहतात; त्यांची जागा त्यांना राहायला हवी. विषयांची वाटणी ठरवून ठेवायची ती अशाच आठवड्यांसाठी.

महिनाअखेरच्या बैठकीत ताईनं एक मागणी मांडली: पाचवी जागा आठवड्यातून एकदा ‘पुढं काय झालं’ यासाठी राखून ठेवायची. रोज नवं देणं सोपं असतं. जुन्या बातमीचा माग ठेवायला मात्र कोणी तरी वही घालून बसावं लागतं, आणि तिला त्यासाठी रोज अर्धा तास मोकळा हवा होता. काकांनी आधी कुरकुर केली. शेवटी देवघेवीच्या टेबलावरची तिची संध्याकाळची अर्ध्या तासाची पाळी दुसऱ्याकडे दिली. नव्या नोंदीसाठी तिनं जी वही घातली तिच्या पहिल्या पानावर तीन बातम्या होत्या: लाडबोरीचं कडं, एरेंडेल तारा आणि लोणारचं वय.

१२ मे २०२२ ला गुजरातच्या आणंद जिल्ह्यातल्या गावांमध्ये आकाशातून धातूचे गोळे पडले. बातमी आली तेव्हा अभ्यासिकेतल्या मुलांनी ताईच्या आधीच गटावर लिहिलं होतं: हेलियमची टाकी असेल, आधी रॉकेट कोणतं ते बघा.